छोट्या ब्लाइंडचं लाइव्ह पोकर : किती तास बसायचं, कधी उठायचं?

निशाचर

पोकरच्या गप्पा निघाल्या की सगळे हातांबद्दल, म्हणजे एकेका डावाबद्दल बोलतात. रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पानावर) कोणी कोणाला कसं गाठलं, कोणाचे एक्के कसे फुटले. तासांचं नाव कोणी काढत नाही. कॅसिनोतल्या होल्डेमच्या (प्रत्येकाला दोन पानं, मध्ये सगळ्यांची मिळून पाच) १/२ ब्लाइंडच्या टेबलावर (ब्लाइंड म्हणजे पत्ते मिळण्याआधी दोघांनी सक्तीने लावायच्या बोली, इथे १ आणि २ चिप्स; मोठी ती बिग ब्लाइंड) मात्र तुम्ही कुठल्या टेबलावर बसलात, किती वेळ बसलात आणि कुठल्या अवस्थेत उठलात, यावरच बराचसा हिशोब ठरतो असं माझं मत आहे. म्हणून हा धागा.

आधी वेगाचं बोलू. डीलर पत्ते पिसणार, वाटणार, कोणीतरी विचारात गढणार, कोणीतरी चिप्स मोजत बसणार. या सगळ्यात तासाला २५ ते ३० हात होतात. म्हणजे दहा तास ठाण मांडून बसलात तरी ३०० हात. ऑनलाइन चार टेबलं लावणारा एवढे हात तासाभरात उडवतो.

या ३०० हातांत तुमच्या वाट्याला काय येतं? एक्क्यांची जोडी सरासरी २२१ हातांत एकदा येते. त्यामुळे दहा तास बसूनही एक्क्यांचं दर्शनच झालं नाही, असं चारातून एकदा होणारच. कुठलीही जोडी १७ हातांत एकदा, म्हणजे दिवसभरात सतरा-अठरा जोड्या. त्यातल्या प्रत्येक जोडीवर फ्लॉप (मधली पहिली तीन पानं) बघितला तरी सेट (जोडीचंच तिसरं पान) लागणार साधारण साडेआठ वेळांतून एकदा. झाले दोन सेट. दहा तासांत दोन! त्यातल्या एकावर समोरचे सगळे फोल्ड करणार, म्हणजे पत्ते टाकून देणार.

राहिलेला वेळ पत्ते टाकण्यात जातो. नऊ जणांच्या टेबलावर जपून खेळणारा शंभरातले ऐंशीच्या वर हात फ्लॉपच्या आधीच टाकतो. नवखा माणूस इथेच गडबडतो. तिसऱ्या तासापर्यंत नेमाने टाकतो, मग कंटाळतो, आणि गुलाम-सत्ती एकाच रंगाची दिसली की ती त्याला गोजिरी वाटायला लागते. दोन्ही पानं एका रंगाची असली म्हणून फ्लॉपलाच फ्लश लागण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी आहे, हे त्याला माहीत असतं. पण कंटाळ्यापुढे गणित टिकत नाही.

हात टाकला की मी मोबाइल काढत नाही, बघत बसतो. या टेबलांवरची माणसं फार लपवत नाहीत. बहुतेक जण रेझ न करता (बोली न वाढवता) लिंप करून, म्हणजे बिग ब्लाइंडएवढंच भरून आत येतात, कॉल करायला (समोरच्याएवढी बोली भरायला) त्यांना मनापासून आवडतं, आणि शेवटच्या दोन पानांवर मोठी बोली लावतात ती हातात खरंच काही असलं तरच. ब्लफ करतात, पण फ्लॉपवर आणि लहान रकमेचे. प्रत्येकाचं हे निरीक्षण करून ठेवायला वेळ भरपूर मिळतो. फक्त ते वापरायची वेळ येईपर्यंत डोकं ठिकाणावर हवं.

एक हात सविस्तर लिहितो. बसून आठ तास उलटून गेलेले. दोघांचे स्टॅक प्रत्येकी ३०० चिप्स. समोर एक वयस्कर काका, तासन् तास नुसते कॉल करणारे, रेझ जवळपास नाहीच. त्यांच्यासकट दोघांनी लिंप केलं, माझ्याकडे राजांची जोडी, मी १५ केले. बिग ब्लाइंडवाला आणि काका आले, दुसरा लिंपर गेला. पॉट (मधली जमलेली रक्कम) ४८. फ्लॉप : इस्पिक नव्वी, चौकट छक्की, किलवर दुर्री. मी ३० लावले, काकांचा कॉल, बिग ब्लाइंडवाला बाहेर. पॉट १०८. टर्नला (चौथं पान) बदाम राणी. मी ६५ लावले. काकांनी पाण्याची बाटली बाजूला ठेवली, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि दोन्ही हातांनी उरलेल्या २५५ चिप्स पुढे सरकवल्या. तोंडाने "ऑल-इन" असं पुटपुटलेही.

हीच वेळ पहिल्या तासात आली असती तर पाच सेकंदांत टाकलं असतं. लिंप-कॉल करून आलेला, एकदाही रेझ न केलेला माणूस टर्नला ऑल-इन जातो तेव्हा त्याच्याकडे सेट असतो. पण थकलेलं डोकं वकिली करायला लागतं : "राजांची जोडी आहे", "राणीवर जोडी लागली असेल", "इतक्या वेळाने धड हात आलाय". मी मिनिटभर घेतला आणि टाकलं. काकांनी पत्ते न दाखवता डीलरकडे सरकवले.

मंडळी, तुम्ही वेळ कसा ठरवता? घड्याळ लावून? अमुक हरलं की बास असं? की टेबल बघून?

तळटीप

वाखूसा (वाचनखूण साठवली). पत्त्यांचं एवढंच ज्ञान की बदामसात येतो, तरी शेवटपर्यंत वाचलं. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

रोखठोक

लेख छान, पण शेवटी जुगारच ना? "दहा तास", "निरीक्षण", "गणित" अशी वेष्टनं घातली म्हणून काय फरक पडतो? कॅसिनो काय धर्मादाय संस्था आहे का?

निशाचर

@रोखठोक, जुगारच आहे, नाही कोण म्हणतंय. फरक इतकाच की इथे तुम्ही कॅसिनोविरुद्ध खेळत नाही, टेबलावरच्या माणसांविरुद्ध खेळता. कॅसिनो प्रत्येक पॉटमधून रेक कापतो, ठरावीक टक्के आणि त्यावर कमाल मर्यादा. काही ठिकाणी पॉटऐवजी वेळेचे पैसे घेतात.

धर्मादायचं म्हणाल तर हिशोबच मांडू. समजा रेक आणि डीलरची टिप धरून हातामागे सरासरी ३ चिप्स टेबलाबाहेर जातात. ३० हातांचे तासाला ९०. नऊ जण प्रत्येकी २०० घेऊन बसले असतील तर टेबलावर सुरुवातीला १८००. दहा तासांत त्यातले ९०० डीलरच्या समोरच्या भोकातून खाली गेले. निम्मे! लोक पुन्हा पुन्हा चिप्स विकत घेतात म्हणून जाणवत नाही इतकंच. प्रत्येकाच्या वाट्याला तासाला १० चिप्स, म्हणजे पाच बिग ब्लाइंड. बरोबरीत सुटायलासुद्धा टेबलापेक्षा तेवढं सरस खेळावं लागतं. बहुसंख्य लोक हरतात ते म्हणूनच. घरखर्चाचे पैसे घेऊन तिथे जाऊ नये हे तुमचं म्हणणं असेल तर +१००.

रोखठोक

हां, हे आकडे आधी लिहायला हवे होते. आता धागा पटला.

सांख्यिक

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर मीही दोन टाकतो.

"आज जिंकलो, आज हरलो" ही विभागणीच मुळात अर्थहीन आहे. पत्त्यांना तुमचा दिवस कधी सुरू झाला ते माहीत नसतं. सगळं आयुष्य मिळून एकच लांबलचक बैठक आहे असं समजा. नो-लिमिट (बोलीला कमाल मर्यादा नसलेल्या) होल्डेममध्ये १०० हातांमागे प्रमाण विचलन (सरासरीच्या आजूबाजूचा चढउतार) ढोबळमानाने ८० ते १०० बिग ब्लाइंड धरतात. मधला ९० घेऊ. ३०० हातांसाठी त्याला तीनाच्या वर्गमुळाने गुणायचं, येतात सुमारे १५६. आता एक चांगला खेळाडू घ्या, रेक जाऊन तासाला पाच बिग ब्लाइंड कमावणारा. दहा तासांची त्याची अपेक्षित कमाई ५०. म्हणजे नशिबाचा झोका कसबाच्या तिप्पट! असा माणूससुद्धा दहा तासांच्या बैठकींपैकी तीनातून एकदा किंवा थोडं जास्तच वेळा हरून उठणार.

त्यामुळे "दोन बाय-इन (बसताना घेतलेल्या चिप्स) गेले की उठायचं" हा नियम गणिताच्या दृष्टीने पोकळ आहे. टेबल चांगलं असेल आणि तुम्ही नीट खेळत असाल तर हरत असतानाही बसणं बरोबर, टेबल वाईट असेल तर जिंकत असतानाही उठणं बरोबर.

गुलाम चौकटचा

@सांख्यिक, कागदावर सहमत. पण "तुम्ही नीट खेळत असाल तर" हे जे मध्ये घुसडलंय ना, तिथेच सगळी गोम आहे. दोन बाय-इन गेलेला माणूस नीट खेळतोय का, हे ठरवणार कोण? तोच. आणि त्याला विचारलंत तर तो कायम नीटच खेळत असतो, नशीब तेवढं खराब असतं. मला माझी खात्री नाही म्हणून मी नियम लावून घेतो. नियम पत्त्यांसाठी नाही, माझ्यासाठी आहे.

शिवाय नेमकी उलट सवय बहुतेकांना असते. थोडं जिंकलं की "आता घालवायचे नाहीत" म्हणून पळ काढतात, आणि हरायला लागले की वसूल करायला पहाटेपर्यंत बसतात. म्हणजे ताजे असताना कमी तास, शिणलेले असताना जास्त तास.

सांख्यिक

हा शेवटचा परिच्छेद मी माझ्या प्रतिसादात लिहायला हवा होता. मानलं. तरी एक दुरुस्ती : हरण्यावर मर्यादा घालण्यापेक्षा तासांवर घाला. त्यात स्वतःला फसवायला जागा कमी.

पत्तेवाटप

मी काही वर्षं डीलर होतो, म्हणून टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहितो.

माणूस थकला हे त्याच्या आधी डीलरला कळतं. पहिलं लक्षण म्हणजे आपली पाळी येण्याआधी पत्ते टाकणं. मग "किती आहे?" हे विचारणं, बोली समोर चिप्समध्ये दिसत असूनही. मग आपले पत्ते पुन्हा पुन्हा उचलून बघणं. ताजा माणूस एकदा बघतो आणि लक्षात ठेवतो. फ्लॉपवर एका रंगाची तीन पानं पडली की जो पत्ते उचलून रंग तपासतो, त्याच्याकडे त्या रंगाची दोन पानं क्वचितच असतात. दोन असती तर ती लक्षात राहिली असती. एकच असतं, आणि तेही नक्की नाही.

चुकांचे वादही याच वेळी होतात. एकच मोठी चिप न बोलता पुढे टाकली की तो कॉल धरला जातो, रेझ नाही. रेझ करायचं तर आधी तोंडाने सांगायचं. दोन टप्प्यांत चिप्स पुढे नेल्या तर पहिला टप्पाच धरतात. हे सगळ्यांना पाठ असतं, पण उत्तररात्री फ्लोअरला (टेबलांवर देखरेख करणाऱ्याला) हाका याच कारणासाठी जातात. आणि हो, डीलरचं बरं असतं, आम्ही साधारण अर्ध्या तासाने टेबल बदलतो आणि अधूनमधून सुटी मिळते. खेळणाऱ्याला तसं कोणी उठवत नाही.

निशाचर, तुमच्या काकांबद्दल : बाटली बाजूला ठेवून खुर्ची पुढे ओढणारा माणूस ब्लफ करताना मी जवळजवळ पाहिलेला नाही. ब्लफ करणारा आहे तिथे थिजतो.

एकटा एक्का

मी मात्र कॉल केला असता.

आकडे बघा. पॉटमध्ये १०८, तुमचे ६५, त्यांचे २५५, एकूण ४२८. तुमच्याकडे उरले १९०. १९० घालून ४२८ मिळत असतील तर तुम्हाला ३१ टक्क्यांच्या आसपास जिंकायला हवं. राणी टर्नला आली आहे. एक्का-राणी लिंप करणारे काका मी ढीगभर बघितलेत. दर तीन वेळांतून साधारण एकदा त्यांच्याकडे तसला हात असला तरी कॉल फायद्याचा. "काकांकडे सेटच असतो" हे सूत्र एवढं पक्कं करून ठेवलंत तर एक दिवस काका तुम्हालाच खेळवतील.

निशाचर

गणित बरोबर आहे, गृहीतक मान्य नाही. एक्का-राणीवाला हा काका टर्नला कॉल करतो, ऑल-इन जात नाही. सेट असेल तर मला उरलेल्या ४४ पानांत दोनच राजे, साडेचार टक्के. तीनातून एकदा काय, दहातून एकदाही या माणसाकडे हलका हात असेल असं त्या टेबलावर बसलेल्या कोणालाही वाटलं नसतं.

एकटा एक्का

टेबलावर बसलेले सगळे आठ तास जागे होते ना, त्यांचं काय घेऊन बसलात :)

बरं, दुसरा काका असता तर? दर तासाला दोन-तीनदा रेझ करणारा?

निशाचर

तर पाच सेकंदांत कॉल. त्यात काही विचार करायचा नाही.

जागरण

झोपेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. १९९७ साली डॉसन आणि रीड यांचा एक अभ्यास 'नेचर'मध्ये आला होता. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची हात-डोळ्यांच्या समन्वयाच्या चाचणीतली कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते, असं त्यात दिसलं. २४ तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या पातळीला जाते.

यातली मेख अशी की तास जागे झाल्यापासून मोजायचे, टेबलावर बसल्यापासून नाही. सकाळी सातला उठून दिवसभर काम केलं आणि रात्री नऊला टेबलावर बसलात, तर मध्यरात्रीच १७ तास भरतात. तुमच्या हिशोबाने तुम्ही "आत्ताच तीन तास झाले" म्हणत असता. निशाचर यांचा आठ तासांचा शीण आणि दुपारी झोप काढून आलेल्याचा आठ तासांचा शीण एक नाही.

अवांतर : फिल लाक २०१० मध्ये लास वेगासच्या बेलाजिओत सलग ११५ तास पोकर खेळला होता, विक्रमासाठी. आणि उठला तेव्हा थोडा फायद्यातही होता. अनुकरण करू नये.

तळटीप

११५ तास?? मी रविवारच्या रमीला अकरानंतर जांभया देते.

नवखा भिडू

मस्त चर्चा. पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच लाइव्ह खेळणार आहे, तर काही बाळबोध प्रश्न. मध्येच उठून फिरून आलं तर चालतं का? जागा जाते का? जिंकलेल्या चिप्सपैकी थोड्या खिशात घालून ठेवता येतात का? आणि लवकर जिंकलो तर लगेच उठणं वाईट दिसतं का?

पत्तेवाटप

उठलेलं चालतं. चिप्स टेबलावरच ठेवायच्या, डीलरला सांगायचं. ब्लाइंड चुकले तर तुमच्यापुढे छोटं बटण ठेवतात. परत आल्यावर ते ब्लाइंड भरायचे किंवा बिग ब्लाइंड तुमच्यापाशी येईपर्यंत थांबायचं. फार वेळ गायब राहिलात आणि बाहेर यादी मोठी असेल तर चिप्स उचलून ठेवतात आणि जागा दुसऱ्याला देतात. किती वेळ ते त्या-त्या ठिकाणी विचारून घ्या.

खिशात अजिबात नाही. टेबलावर आलेली चिप तुम्ही कायमचं उठेपर्यंत टेबलावरच राहते. जिंकलेले पैसे समोर असतील तरच समोरच्याला ते परत मिळवायची संधी राहते. टिप देणं तेवढं चालतं. ;)

लवकर उठण्याचं म्हणाल तर हक्क तुमचा आहे. मोठा पॉट मारून त्याच क्षणी उठलात तर दोन-चार जण भुवया उंचावतील, पण नियम काही नाही.

निशाचर

@नवखा भिडू, फिरायला उठायची एक स्वस्त वेळ असते. डीलरचं बटण (सर्वांत शेवटी बोलणाऱ्या जागेची खूण, दर हाताला एक जागा पुढे सरकते) तुमच्यापाशी येऊन गेलं की पुढचे दोन-तीन हात जागा चांगली असते, ते खेळा. त्यानंतर सगळ्यांच्या आधी बोलायची पाळी येते, तिथे तसेही बहुतेक हात टाकायचेच असतात. ते तीन-चार हात सोडून उठा आणि बिग ब्लाइंड यायच्या आत परत बसा. सात-आठ मिनिटं मिळतात, एकही ब्लाइंड चुकत नाही. प्रत्येक दुसऱ्या फेरीला हे केलं तर पाठ आणि डोकं दोन्ही टिकतं. जड जेवण मात्र बैठक संपल्यावर.

आणि जागेबद्दल : सारखा रेझ करणारा माणूस शक्यतो तुमच्या उजव्या हाताला हवा, म्हणजे तो आधी बोलतो. रिकामी झाली की मागून घ्या, डीलरला आधीच सांगून ठेवता येतं. लोक तासन् तास बसतात आणि हे एवढं करत नाहीत.

गुलाम चौकटचा

मूळ प्रश्नाला माझं उत्तर : मी टेबलावरच्या माणसांकडे बघतो. ज्यांच्यामुळे बसलो होतो ते दोघे-तिघे उठले आणि त्यांच्या जागी हुडी घातलेले, कानात इअरफोन असलेले रेग्युलर (नेहमीचे सराईत) आले, की माझी वेळ झाली. मग घड्याळात काहीही वाजलेलं असो. पहाटेच्या टेबलावर बऱ्याचदा असे चार रेग्युलर आणि एक हरलेला माणूस उरतो. तो एकजण उठला की बाकीचे चौघं एकमेकांकडे बघून रेक भरत बसतात.

सांख्यिक

आणि त्या चौघांपैकी प्रत्येकाला वाटतं की बाकीचे तिघे कच्चे आहेत.

एकटा एक्का

उठायचं ठरलं की रॅक (चिप्स भरून न्यायचा ट्रे) कधी मागवता? मी फेरीभर आधी मागवून चिप्स भरायला घेतो.

निशाचर

तुम्ही रॅक मागवलं की मी तुमच्या ब्लाइंडवर कुठल्याही दोन पत्त्यांवर रेझ करतो. चिप्स भरायला बसलेला माणूस धड हात असल्याशिवाय लढत नाही.

एकटा एक्का

अरेच्चा. हे बघता पुढच्या वेळी रॅक मागवून एक्के दाबून बसायला हवं.

पत्तेवाटप

त्यासाठी आधी एक्के यायला हवेत. २२१ हात.